ओळीच्या शेवटचा शब्द

सोमवारी सायंकाळी सात वाजून चार मिनिटांनी निवेदिकेने गाझाच्या दोन बातम्या लागोपाठ वाचल्या आणि दोन्हींचा शेवट सारख्याच शब्दांनी केला. ओलीस ठेवलेले तिघे ठार मारले गेले. एका घरावर बॉम्ब पडून एकाच कुटुंबातील अकरा जण ठार मारले गेले. मग तिने पान उलटले आणि हवामानाकडे वळली.

कागदावर दुसरी ओळ तशी नव्हती. तिथे ‘ठार झाले’ असे होते.

काचेपलीकडे वृत्तसंपादकाने मान वर केली. रेडिओ केंद्रात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण कोणतीही बातमी तो आधी सेकंदांत मोजे आणि मग वाचे. त्याने तंत्रज्ञाकडे पाहिले. तंत्रज्ञाने खांदे उडवले. लाल दिवा विझल्यावर मोजपट्टी दार ढकलून आत आला.

“बाई, दुसऱ्या बातमीला काय वाचलंत?”

“जे होतं ते.”

“‘झाले’ होतं.”

“मग ‘झाले’च वाचलं असेन.”

“नाही ना वाचलंत! मी काय झोपलो होतो?”

निवेदिकेने कागदांची चळत टेबलावर आपटून सारखी केली. ही तिची एकतीस वर्षांची सवय होती. “जीभ घसरली असेल,” ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत बाहेर पडली.

तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला चित्र काढून समजावले होते. पडद्याच्या मधोमध डाग आहे, दोन्हीकडे. कडेचे दिसत राहील. मधले जात राहील. घरी येऊन तिने वर्तमानपत्र उघडले तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला. ज्या शब्दाकडे पाहायला जावे तोच पुसला जायचा. आजूबाजूचे सगळे जागेवर असायचे. तेव्हापासून ती साडेसहालाच कागद मागून घेई, स्वच्छतागृहात कडी लावून भिंगाखाली वाची, आणि सगळे बातमीपत्र पाठ करी. स्टुडिओत कागद नुसता हातात असे. सोमवारी तीन मिनिटे उरली असताना मोजपट्टीने नवा कागद आणून दिला. गाझाच्या दोन्ही बातम्या बदलल्या होत्या. पहिली तो देतादेताच मोठ्याने बोलला, ती तिच्या लक्षात राहिली. दुसरी तिने नजर तिरकी करून, कडेकडेने गोळा केली. घर, अकरा जण, ठार. पुढचा शब्द पाहायला गेली आणि तो नाहीसा झाला. क्रियापद ओळीच्या शेवटी असते. तिथवर येईतो थांबायला वेळ नव्हता, आणि आधीच्या वाक्याचे क्रियापद जिभेवर तयार होते.

हे तिने कोणालाही सांगितले नव्हते. सात वाजताचे बातमीपत्र सोडले तर तिच्या दिवसात दुसरे काही नव्हते. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला होता. सकाळी उठल्यापासून ती कोणाशी पहिले वाक्य बोले ते बहुतेक वेळा “नमस्कार” असे, आणि ते सात वाजता, सगळ्यांना एकदम.

मंगळवारी सकाळी नऊपर्यंत ती दहा सेकंदे फोनोफोनी फिरून हजारो लोकांनी ऐकलेली होती. एका माजी मंत्र्याने तिला दहशतवाद्यांची बटीक म्हटले. एका निवृत्त न्यायाधीशाने लिहिले की सरकारी रेडिओवर पहिल्यांदाच भाषेला कणा आला. एका नटाने स्वतःचा फोटो टाकून खाली ‘सलाम, बाई’ असे लिहिले. दुपारी तिची धाकटी बहीण फोनवर हे सगळे वाचून दाखवत होती.

“हा नट तुझ्या बातम्या ऐकतो म्हणे! अगं, तो उठतो अकराला आणि शुद्धीवर येतो सातला.”

“सातलाच असते माझी बातमी.”

“मग ऐकत असेल बाई.” दोघी हसल्या. मग बहीण म्हणाली, “ताई, खरं सांग. मुद्दाम म्हणालीस?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, तू आयुष्यात मुद्दाम काही केलेलं नाहीस. पण आमच्याकडे दोन गट पडलेत. जावई एकीकडे, लेक एकीकडे. आज जेवताना कोणी कोणाला मीठ दिलं नाही.”

निवेदिकेला वाटले, आता सांगावे. तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. तेवढ्यात बहीण म्हणाली, दारावर कोणीतरी आलंय, ठेवते.

बातमीकक्षाच्या भिंतीवर शब्दांची यादी लावलेली होती. ती मोजपट्टीनेच केली होती आणि वरकरणी तिच्यात खोट नव्हती. मारणाऱ्याने कबूल केले असेल किंवा सिद्ध झाले असेल तरच ‘मारले गेले’. एरवी ‘ठार झाले’. बुधवारी केंद्रप्रमुखांनी ती यादी भिंतीवरून काढून आपल्या टेबलावर ठेवली होती.

“बाई, उद्या पाच वाजता नगरसभागृहात खुली चर्चा आहे. आपणच थेट प्रसारित करतोय. तुम्ही यायचं, एक वाक्य बोलायचं, घरी जायचं.” त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. “वाचा.”

तिने कागद हातात घेतला आणि पुरेसा वेळ त्याच्याकडे पाहिले. “तुम्हीच वाचून दाखवा. कानाला कसं लागतं बघते.”

“‘सोमवारच्या बातमीपत्रातील तो उच्चार अनवधानाने झाला, त्यामागे कोणतेही मत नव्हते.’ बस्स. तोवर दुसरं कोणी वाचेल, सोमवारपासून सात वाजता पुन्हा तुम्ही.”

“आणि नाही बोलले तर?”

“तर ते तुमचं मत होतं असा अर्थ होतो. मत असलेल्या माणसाला मी बातम्या वाचायला बसवू शकत नाही. का नाही बोलणार? खरं नाही का हे?”

“खरं आहे,” निवेदिका म्हणाली.

खाली स्वागतकक्षातल्या बाकावर तिची वाट पाहत कोणीतरी बसले होते. ती आली तसा तो उठला. तिला त्याचे कान दिसले, कॉलर दिसली, गळ्यात लटकणारी मोजायची फीत दिसली. चेहऱ्याच्या जागी नेहमीचा धुरकट गोळा होता.

“मी शिंपी आहे, बाई. मंडईच्या मागे दुकान आहे माझं. तुमचा वेळ घेत नाही.” त्याने फीत मुठीत धरली. “त्या अकरांत माझी थोरली बहीण होती. तिकडे गाझात दिलेली. तिचे यजमान, सुना, नातवंडं, सगळी.”

निवेदिकेने बाकाचा कठडा धरला.

“गिऱ्हाईक येतं, विचारतं, काय झालं? मीपण सांगत बसतो, असं झालं, तसं झालं. भिंत खचल्यासारखं. सोमवारी रेडिओ चालू होता, तुमचं वाक्य ऐकलं आणि हात तसाच राहिला. कोणाची तरी पँट जाळली मी इस्त्रीने.” तो अर्धवट हसला. “तुम्हाला त्रास देतायत असं कळलं. म्हटलं, निदान तोंड दाखवून यावं.”

ती ज्या जागेकडे पाहत होती तिथे त्याचे तोंड होते.

“बरं केलंत,” ती म्हणाली.

गुरुवारी सभागृह भरले होते. व्यासपीठावर चार खुर्च्या होत्या. एका टोकाला सूत्रसंचालक, मग मानवी हक्कांचे खटले लढवणाऱ्या वकीलबाई, मग निवेदिका, आणि पलीकडे शनिवारचा स्तंभलेखक. त्याचे लेख लोक रागावण्यासाठी वाचत आणि वाचून झाल्यावर कापून ठेवत. त्याच्या भाचीला गाझाच्या सीमेपलीकडच्या इस्रायली वस्तीत मारले होते हे सगळ्यांना माहीत होते. त्याने त्याबद्दल आजवर एक ओळही लिहिली नव्हती.

सुरुवात वकीलबाईंनी केली. यादीचा नियम सरळ आहे, त्या म्हणाल्या, पण वर्षभराची बातमीपत्रे मी काढून पाहिली. ‘मारले गेले’ कोणाच्या वाट्याला आले आणि ‘झाले’ कोणाच्या, ते मोजा. “बॉम्ब काय ताप आहे, आपोआप यायला? कोणीतरी विमानात बसतं. कोणीतरी कळ दाबतं.”

“बाई, तुम्ही वकील आहात की व्याकरणाच्या मास्तरीण?” मागून कोणीतरी ओरडले. लोक हसले. वकीलबाईही हसल्या. “दोन्हीकडे फी सारखीच बुडते,” त्या म्हणाल्या.

स्तंभलेखक हसला नाही. त्याने माईक जवळ ओढला.

“माझी भाची तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याची देखभाल करायची. तिला दारातून ओढून बाहेर काढलं, तोंडाकडे बघून गोळी घातली. त्या संध्याकाळी याच रेडिओवर याच बाईंनी वाचलं, ‘मारली गेली’. माझ्या बहिणीच्या घरात अजून त्या शब्दाचा आधार आहे. पोरगी गेली नाही. वारली नाही. मारली. विमानातल्या माणसाने त्या अकरांची तोंडं पाहिली होती? तो त्यांना मारायला निघाला होता? फरक आहे. फरक नसेल तर माझ्या भाचीचं काही झालंच नाही, सगळ्यांचं होतं तसंच झालं.”

“शब्द म्हणजे काय सतरंजी आहे,” वकीलबाई हळूच म्हणाल्या, “की एक बसला की दुसऱ्याला जागा नाही?”

“तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारतोय.” तो निवेदिकेकडे वळला. “कागदावर दोन ओळी होत्या, एकीखाली एक. एकीत ‘मारले गेले’, दुसरीत ‘झाले’. तुम्ही एकतीस वर्षं वाचताय. तुम्हाला फरक दिसला नाही?”

केंद्रप्रमुखांचा कागद तिच्या मांडीवर होता. त्यातले वाक्य तिला पाठ होते. तिने कागद उलटा केला.

“नाही,” ती म्हणाली. “मला दिसला नाही.”

मग डाव्या बाजूची माणसे उठून टाळ्या वाजवू लागली. उजव्या बाजूने “लाज वाटत नाही?” असे ओरडणे सुरू झाले. कोणीतरी खुर्ची आपटली.

“तसं नाही,” निवेदिका माईकमध्ये म्हणाली. “खरंच दिसला नाही. मला दिसत नाही—”

टाळ्या वाढल्या. “यापेक्षा स्पष्ट कोण बोलणार!” सूत्रसंचालकाने दोन्ही हात वर केले. वकीलबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट दाबला. निवेदिकेने आणखी एकदा तोंड उघडले, पण माईक बंद झाला होता.

सभा मोडली तेव्हा ती सगळे जाण्याची वाट पाहत बसून राहिली. मग व्यासपीठाच्या कडेला येऊन पायाने चाचपत उतरू लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. चौथीसाठी तिने पाऊल खाली टाकले ते जमिनीवर आपटले आणि ती झोकांडली. कोणीतरी तिचे कोपर पकडले.

“चौथी पायरी नाहीये, बाई.” आवाज स्तंभलेखकाचा होता. त्याने कोपर सोडले नाही. तिच्या चेहऱ्यासमोर त्याने दुसरा हात हलवला असावा. तिला कडेने फक्त मनगट दिसले.

“मगाशी तुम्ही दोनदा सांगितलंत,” तो म्हणाला.

“दोनदा.”

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“डोळ्यांच्या डॉक्टरांना. आता तुम्हाला.”

दोघे भिंतीकडेच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसले. झाडूवाला पलीकडच्या रांगेत पत्रके गोळा करत होता. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने तो उचलला, ऐकला, “हो, समजलं” म्हणाली आणि ठेवून दिला.

“बातमीपत्र गेलं,” ती म्हणाली. “कायमचं.”

“तुम्ही त्यांना हे का नाही सांगितलंत?”

“आंधळीला कोण बसवेल वाचायला? जायचं ते दोन्हीकडून गेलंच असतं.”

स्तंभलेखकाने घसा साफ केला. “मला हे लिहावं लागेल, बाई. मला कळलंय आणि मी लिहिलं नाही असं होऊ शकत नाही. लिहिलं की हा तमाशा मिटेल. कोणी तुम्हाला बटीक म्हणणार नाही. आणि तो शब्द...” तो थांबला.

“तुम्हाला परत मिळेल.”

त्याने नाही म्हटले नाही.

“किती वाजता द्यायचा असतो लेख?”

“उद्या चार.”

“चारपर्यंत थांबा. एका माणसाला मला आधी सांगायचंय, त्या अकरांत त्याची बहीण होती. त्याला पेपरात वाचून कळायला नको.”

शुक्रवारी तीन वाजता ती मंडईमागच्या गल्लीत मशीनच्या आवाजाचा माग काढत त्याच्या दुकानात पोहोचली. दुकान इतके अरुंद होते की गिऱ्हाइकाने उभे राहायचे की बसायचे हे शिंप्यालाच ठरवावे लागे. त्याने स्टुलावरचे कपडे उचलले आणि तिला बसवले.

“काल ऐकलं मी. मशीन बंद करून ऐकलं,” तो म्हणाला. “‘फरक दिसला नाही.’ माझ्या बायकोने दोनदा म्हणून दाखवलं.”

निवेदिकेने त्याला सांगितले. डाग, भिंग, तीन मिनिटे आधी आलेला कागद, जिभेवर राहिलेले आधीचे क्रियापद. बातमी सांगावी तसे सांगितले, काही गाळले नाही. सुईत ओवायला घेतलेला दोरा त्याने बोटाला गुंडाळला आणि पुन्हा सोडवला.

“म्हणजे तुमच्या मनात नव्हतं.”

“मनात काहीच नव्हतं.”

“म्हणजे माझी बहीण रेडिओवर चुकून मारली गेली.”

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेले. कडेच्या खणावर कापलेले कपडे ढिगाने होते, त्यांवर खडूच्या रेघा होत्या. तिने हात ठेवला तेव्हा बोटांना खडू लागला.

“पेपरात येणार हे?”

“उद्या.”

“येऊ दे.” त्याने सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. “पण आता तर समोर कागद नाही, बाई. डोळ्यांचं काही काम नाही. आता काय म्हणाल?”

एकतीस वर्षांत हे तिला कोणी विचारले नव्हते. क्रियापद दुसरा कोणीतरी लिहीत असे. तिने बोटे पदराला पुसली, मग उगाच पुन्हा पुसली.

“मारलं,” ती म्हणाली. तो सात वाजताचा आवाज नव्हता. घोगरा होता, बारीक होता, तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिने घसा खाकरला. “तुमच्या बहिणीला मारलं. सगळ्यांना मारलं.”

शिंप्याने कपड्यावरची खडूची पूड फुंकून टाकली.

“इथे काय,” तो म्हणाला, “इथे ऐकायला मी एकटाच.”

चार वाजायला वीस मिनिटे होती. तिने पर्समधून फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला. फोनला कागदाचा कपटा चिकटवला होता. “एवढा नंबर लावून द्या. मला आकडे दिसत नाहीत.”

त्याने कपटा वाचला. “कोणाचा आहे?”

“ज्यांच्या भाचीला मारलं त्यांचा.”

फोन त्याच्या हातात राहिला. ती वाट पाहत होती, आणि तो काय करतोय हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. मग आकड्यांचे टक्‌टक् आवाज आले, सावकाश, एकेक, आणि फोन तिच्या हातात देऊन तो पुन्हा मशीन चालवू लागला.

“सांगितलं त्यांना,” ती म्हणाली.

“काय म्हणाले?” स्तंभलेखकाने विचारले.

“विचारलं, आता काय म्हणाल.”

“आणि?”

तिने त्याला तो शब्द सांगितला. “तुमच्या भाचीला आणि त्यांच्या बहिणीला, दोघींनाही तोच आहे,” ती म्हणाली. “या वेळी घसरलेला नाही. लिहिणार असाल तर हेही लिहा.”

मग त्याने विचारले, “मशीनचा आवाज येतोय. कुठून बोलताय?”

“त्यांच्या दुकानातून. ते समोरच बसलेत.”

तिने फोन कानावरून थोडा दूर केला, कोणाला बोलायचे असेल तर बोलता यावे म्हणून. शिंप्याने मशीनवरचा पाय उचलला. दुकानात दोन्ही बाजूंनी शांतता होती, आणि ती तशीच काही वेळ चालू राहिली.

“ठेवतो,” स्तंभलेखक म्हणाला.

लेख पोहोचवायची वेळ चारची होती. गेल्या बावीस वर्षांत ती त्याने चुकवलेली नव्हती. शुक्रवारी साडेपाचपर्यंत वर्तमानपत्राच्या कचेरीतून त्याला तीन वेळा फोन गेले. त्याने एकही उचलला नाही, आणि मजकूर आलेला नव्हता. ते पान सहा वाजता छपाईला जाते.